सोमवारची पोटदुखी

जून महिना लागला की घरोघरी नव्या वह्यांना कव्हरे चढतात, गणवेशाची मापे घेतली जातात, दप्तरांची खरेदी होते. शाळेचे बोर्ड कोणते, फी किती, बस कोणत्या रस्त्याने येते, शिकवणी किती वाजता, या साऱ्याचा हिशेब व्यापारी कुटुंबात मोठ्या काटेकोरपणे मांडला जातो. मात्र एक रक्कम या हिशेबात बहुधा धरायची राहून जाते. नव्या शाळेत मुलाचे मन कशाच्या आधारे आणि किती दिवसांत रुजणार, ही ती रक्कम. ती वेळीच धरली नाही तर पुढे व्याजासह समोर उभी राहते.

बार्शीच्या बाजारपेठेत भुसार मालाची आडत असलेल्या एका कुटुंबाला याचा अनुभव आला. थोरल्या मुलाने पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळा घेतला, बिबवेवाडीत सदनिका घेतली आणि दोन वर्षे एकट्याने ये-जा केल्यानंतर पत्नी व मुलालाही तिकडे नेले. मुलगा दहा वर्षांचा, नुकताच चौथी उत्तीर्ण झालेला. बार्शीच्या मराठी शाळेत त्याचा क्रमांक पहिल्या तिघांत असे. पुण्यात त्याला इंग्रजी माध्यमाच्या एका नामांकित शाळेत पाचवीत प्रवेश मिळाला, तेव्हा कुटुंबात पेढे वाटले गेले. बार्शीला फक्त आजोबा आणि आजी मागे राहिली.

ऑगस्टपासून मुलाचे पोट दुखू लागले. सकाळी सहा वाजता दुखायचे, सोमवारी सर्वांत जास्त. आईने ओवा दिला, हिंग लावला, सासूबाईंना विचारून काढे केले. मग डॉक्टर झाले, रक्ताची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. सर्व काही व्यवस्थित होते. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला, "रविवारी दुखते का?"

आई विचारात पडली. रविवारी दुखत नव्हते. गणपतीच्या सुट्टीत दुखले नव्हते. पर्युषणात बार्शीला गेले होते, तेव्हा तर एकदाही नाही.

"मग हे औषधाने जाणारे दुखणे नाही. शाळेत काय चालले आहे ते पाहा," डॉक्टर म्हणाले.

पोटदुखीचे सोंग मुलाने आणले होते, असे मात्र नव्हे. मोठ्या माणसाला चिंता लागली की त्याची झोप उडते, भूक मरते. तसेच मुलाचेही होते. फरक इतकाच की मोठ्यांना चिंतेचे नाव सांगता येते. दहा वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने शरीर बोलते. दुखणे खरेच असते, फक्त त्याचे कारण पोटात नसते.

वडिलांनी मात्र निराळा अर्थ लावला. पहिल्या घटक चाचणीत मुलाला गणितात वीसपैकी नऊ गुण मिळाले होते. पेढीवर बसून क्विंटलचे भाव तोंडी सांगणारा मुलगा गणितात नापास होण्याच्या बेतात येतो, याचा अर्थ तो अभ्यास टाळतो, असे त्यांना वाटले. रात्री साडेनऊला दुकान बंद करून आल्यावर ते प्रथम मोबाइलवर शाळेचे अॅप उघडत आणि गुण पाहत. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर चुलत भावाची प्रमाणपत्रे येत, तीही मुलाला दाखवली जात. हेतू वाईट नव्हता. त्याला ईर्षा वाटावी, तो जिद्दीने उठावा, एवढेच त्यांच्या मनात होते.

प्रत्यक्षात गणिताचा पेपर गणितामुळे अवघड गेला नव्हता. शाब्दिक उदाहरणे इंग्रजीत होती. उरलेले धान्य किती, हे त्याला क्षणात सांगता आले असते. पण 'उरलेले' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याला ठाऊक नव्हता. घरात मारवाडी, पेढीवर मराठी आणि वर्गात इंग्रजी, अशा तीन भाषांतून तो दिवसभर ये-जा करीत होता. भाषा आणि शिक्षण यांचे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी या बाबतीत एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला आहे. नवी भाषा बोलण्यापुरती यायला मुलाला साधारण दोन वर्षे लागतात. त्या भाषेत विषय समजून घेऊन परीक्षेत लिहिता येण्यासाठी मात्र पाच ते सात वर्षे लागू शकतात. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंतचे शिक्षण घरच्या भाषेत, मातृभाषेत द्यावे असे म्हटले आहे. येथे कुटुंबाने निवड करून टाकली होती. पण त्या निवडीला किती मुदत द्यायची, याचा विचार झाला नव्हता. पाच वर्षांची मुदत लागणाऱ्या कामाची वसुली दोन महिन्यांत सुरू झाली होती.

दिवाळीनंतर आजोबा पुण्याला आले. वय 71. वरवर कारण डोळे तपासण्याचे होते. मनात दुसराच बेत होता. नातवाला परत बार्शीला न्यावे, असे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. जुन्या शाळेत त्यांनी चौकशीही केली होती. नातवाची सायकल पुसून, चाकांत हवा भरून अंगणात उभी करून ठेवली होती. मुलगा गेल्यापासून घर ओके-ओके वाटते, असे आजी दिवसातून दोनदा म्हणत असे, आणि आजोबा काही न बोलता तेच मानत असत.

पुण्यात त्यांनी कोणाला काही विचारले नाही. रोज सकाळी नातवाचे दप्तर खांद्यावर घेऊन ते बसच्या थांब्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत जात. दुपारी चार वाजता त्याच थांब्यावर उभे राहत. पहिले तीन दिवस मुलगा गप्प होता. चौथ्या दिवशी परतताना तो म्हणाला, "दादाजी, मी मधल्या सुट्टीत टाकीजवळच्या पायरीवर बसतो. तिथे कुणी येत नाही."

हे घरी कळताच वडिलांचा संताप अनावर झाला. जैन म्हणून, डब्यात कांदा-लसूण नसतो म्हणून मुले त्याला चिडवत असणार, असा त्यांचा तर्क झाला. उद्याच मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यायची, असे ठरले. आजोबा म्हणाले, "माल न पाहता भाव करू नये. आधी बाईंना भेटू."

वर्गशिक्षिकेने शांतपणे सर्व सांगितले. चिडवण्याचा एक प्रसंग खरोखरच घडला होता. जुलैत मोठ्याने वाचताना त्याचा एक उच्चार चुकला, मागच्या बाकावरचे दोघे हसले आणि तो शब्द नंतर आठवडाभर त्याचे टोपणनाव झाला. बाईंनी त्या दोघांना समज दिली होती. पण त्यानंतर त्याने वर्गात हात वर केला नव्हता. डब्याची गोष्ट मात्र वेगळी होती.

"सुरुवातीला मुलांनी त्याला खूप बोलावले," बाई म्हणाल्या. "कुणी वेफर दिले, कुणी वाढदिवसाचा केक. तो नुसते 'नको' म्हणून उठून जायचा. मग मुलांना वाटले, याला आपण आवडत नाही. तुम्ही घरी त्याला काही सांगितले आहे का?"

आई आणि वडील एकमेकांकडे पाहू लागले. जूनमध्ये निघताना आजीने नातवाला जवळ घेऊन बजावले होते, "कुणाच्या डब्यातले खायचे नाही. पाप लागते." कंदमुळे नकोत, बाहेरच्या केकमध्ये अंडे असू शकते, ही काळजी योग्यच होती. परंतु दहा वर्षांच्या मुलाला नियम मिळाला होता, तो चारचौघांत सांभाळावा कसा हे मिळाले नव्हते. नकार कोणत्या शब्दांत द्यावा, हसून कसा द्यावा, नकार दिल्यानंतरही तेथेच कसे बसून राहावे, हे त्याला कोणीच शिकवले नव्हते.

त्या संध्याकाळी आजोबांनी विचारले, तेव्हा मुलगा म्हणाला, "त्यांच्यात बसलं की ते देतात. नाही म्हटलं की त्यांना राग येतो. खाल्लं तर पाप लागतं. मग बाजूला बसलं की कुणी विचारतच नाही."

मोठ्यांना जे भांडण वाटले होते, ती दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने शोधलेली तडजोड होती. घराशी एकनिष्ठ राहण्यासाठी त्याने मैत्रीवर पाणी सोडले होते, आणि त्याची कल्पना ना शाळेला होती, ना घराला.

आजोबांना आणखी एक गोष्ट कळायची होती. त्यांनी सहज म्हटले, "म्हणूनच तू फोनवर रोज म्हणायचास ना, करमत नाही म्हणून?"

मुलगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "कधीकधी करमायचं. चित्रकलेच्या तासाला करमतं. पण तुम्ही रोज विचारता ना, करमत नाही ना रे तिकडे, म्हणून. मग 'करमतं' म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

आजोबांना त्या रात्री झोप लागली नाही. रोज रात्री आठ वाजता ते फोन करीत. ती माया होती, यात शंका नाही. पण त्या प्रश्नातच उत्तर भरलेले असे. मुलाने 'रमलो' म्हटले असते तर बार्शीचे घर, आजी, सायकल या साऱ्यांशी बेइमानी झाली असती. सोमवारच्या पोटदुखीत शाळेचा वाटा होता, वडिलांच्या अॅपचा होता, आजीच्या धाकाचा होता, तसा आजोबांच्या मायेचाही होता. एरवी दुसऱ्यांच्या हिशेबातली चूक काढणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या खात्यावरची ही नोंद वाचणे सोपे गेले नाही.

पहाटे त्यांना स्वतःचे जुने दिवस आठवले. वडिलांच्या पेढीपासून वेगळे होऊन त्यांनी नव्या यार्डात गाळा घेतला, तेव्हा पहिल्या हंगामात शेतकरी त्यांच्याकडे पाणी पीत, चहा घेत आणि माल शेजारच्या आडत्याकडे उतरवत. माल चोख तोलला जातो, पट्टी वेळेवर मिळते, हे लोकांना पटायला तीन हंगाम लागले. जुन्या पेठेत वडिलांच्या नावावर मिळणारी पत नव्या यार्डात चालली नव्हती. नातवाचेही तेच झाले होते. बार्शीत शाळेच्या वाटेवरचा प्रत्येक दुकानदार त्याला हाक मारी, गुरुजींनी त्याच्या वडिलांनाही शिकवले होते. अमक्यांचा नातू ही पत त्याला जन्मतः मिळाली होती. पुण्यात पंचेचाळीस मुलांच्या वर्गात तो कोणाचा नातू आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पत शून्यापासून उभी करायची होती, आणि त्यासाठी कोणीतरी पहिला हंगाम सोसू द्यायला हवा होता.

बालविकासाचे अभ्यासक एरिक एरिक्सन यांनी 1950 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मानवी जीवनाचे टप्पे मांडले. त्यांतील साधारण सहा ते बारा वर्षांचा टप्पा म्हणजे उद्यमशीलता आणि न्यूनगंड यांच्यातील ओढाताणीचा काळ, असे त्यांनी म्हटले. या वयात मुलाला 'मला काहीतरी नीट करता येते' असा अनुभव वारंवार मिळाला तर तो उद्योगी होतो. 'मी इतरांपेक्षा कमी आहे' असाच अनुभव वारंवार आला तर तो मागे सरतो. गुणांच्या तुलनेने जिद्द येते, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. ज्याच्या पायाखाली जमीन आहे, त्याला तुलनेने कदाचित चेव येईल. ज्याचे पाय अजून टेकलेच नाहीत, तो तुलनेने अधिकच घसरतो.

जैन समाजाला तर या गोष्टीचे एक थोर उदाहरण घरातलेच आहे. कुंभोज येथे 1887 साली जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले, आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला हजर राहिल्यावरून त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. परके ठरवले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच अनुभवले होते. पुढे 1919 साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र काम करीत, एका पंगतीला जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. घर सोडून आलेले मूल शाळेत टिकावे, तर त्याला आधी आपले म्हणणारी माणसे लागतात, हे या दांपत्याने ओळखले होते.

बिबवेवाडीच्या त्या घरात पंगत शक्य नव्हती. नियम मोडायचा नव्हता. आजोबांनी त्यातून मार्ग काढला. "घेता येत नसेल तर देता येते," ते सुनेला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या डब्याबरोबर एक वेगळी पिशवी जाऊ लागली, चार मेथीचे खाकरे त्यात असत. मुलाला दोन वाक्ये घरी म्हणून घेऊन पाठ करून दिली, मराठीत आणि इंग्रजीत: आमच्याकडे हे चालत नाही, पण तू देऊ केलेस हे मला आवडले, तू माझे घे. आजीला फोनवर सांगितले गेले, की यापुढे पापाची भीती घालायची नाही. आपण काय खात नाही आणि का, ते समजावून सांगायचे. आजी प्रथम रागावली. दोन दिवसांनी तिने बार्शीहून खाकऱ्यांचा डबाच पाठवला.

वाढदिवसांचाही प्रश्न होता. सोसायटीतील वाढदिवस सायंकाळी सात वाजता, दिवस मावळल्यावर होत, म्हणून आजवर आमंत्रणच नाकारले जाई. आता मुलगा घरी जेवून, खेळ सुरू होण्याच्या वेळी जाऊ लागला. वर्गशिक्षिकेने दोन गोष्टी केल्या. घरी मराठी बोलणाऱ्या एका मुलाशेजारी त्याला बसवले. आणि वाचनाचा उतारा त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवू लागल्या, म्हणजे तो घरी तयारी करून येई. वडिलांनी शाळेचे अॅप रविवारीच उघडायचे कबूल केले. रात्री 'किती मिळाले' याऐवजी 'आज कोणाशेजारी बसलास' असे विचारायचे ठरले. हे त्यांना सर्वांत जड गेले. पहिल्या आठवड्यात दोनदा जुनाच प्रश्न तोंडून निघाला.

चमत्कार काही झाला नाही. डिसेंबरात पोटदुखी पुन्हा दोनदा आली. हसणाऱ्या दोघांपैकी एक अजूनही अधूनमधून ते टोपणनाव घेतो. पहिल्या दिवशी पिशवीतले चारही खाकरे तसेच परत आले, कारण मुलाला पुढे करण्याचा धीर झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी एक गेला. जानेवारीत पिशवी रिकामी येऊ लागली. फेब्रुवारीत त्याने वर्गात हात वर केला, असे बाईंनी वहीत लिहून पाठवले. वार्षिक परीक्षेत गणितात त्याला मध्यम गुण मिळाले. वडिलांनी ते पाहिले आणि चुलत भावाचे नाव काढले नाही.

आजोबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बार्शीला परतले होते, एकटेच. निघताना त्यांनी नातवाला सायकलीविषयी सांगितले नाही. थांब्यावर त्याच्या डोक्यावर हात ठेवून एवढेच म्हणाले, "तुला इथे आवडले तर मला आनंदच होईल, बरं का. बार्शी कुठे पळून जात नाही." हे एक वाक्य जूनमध्येच बोलले गेले असते, तर कदाचित सोनोग्राफीची वेळ आली नसती.

मूल शाळेत एकटे जात नाही. दप्तरात पुस्तकांबरोबर घराची भीती, घराची अपेक्षा आणि घराची मायाही जाते. चांगली शाळा, हुशार मूल, मोठी फी यांची बेरीज करूनही ताळा जुळत नसेल, तर घराने दप्तरात आपल्या हाताने काय भरले आहे, ते एकदा काढून पाहणे हिताचे ठरते. मुलाला नव्या जागी रुजण्यासाठी पुस्तके आणि शिकवणीइतकीच घराची परवानगी लागते. आणि ती स्पष्ट शब्दांत द्यावी लागते, कारण मुले मोठ्यांच्या न बोललेल्या दुःखाचेही पालन करतात.

मार्चमधल्या एका रात्री आठ वाजता आजोबांनी नेहमीप्रमाणे फोन केला. "आज खाकरे कोणी खाल्ले?" त्यांनी विचारले. मुलाने चार नावे भरभर सांगितली, खाली मित्र बोलावताहेत म्हणाला आणि फोन आईकडे दिला. बोलणे मिनिटभरात संपले. काय म्हणाला, असे आजीने विचारले.

"घाईत होता," आजोबा म्हणाले. मग उठून त्यांनी अंगणातली सायकल आत घेतली आणि मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत धूळ बसू नये म्हणून तिच्यावर जुनी चादर घातली.